दौत : ठेवा की वगळा

बुधवारी दुपारी डबा उघडला आणि त्याच वेळी निलेशचा मेसेज आला, की ‘दौत’चा लेख ठेवायचा की वगळायचा या चर्चेचे सात दिवस पुरे झाले, आजच्या आज ती बंद करून टाका. उजव्या हाताने पोळीचा तुकडा मोडत मी डाव्या अंगठ्याने तो लेख उघडला. ‘दौत हे मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर राजाराम घाडीगावकर यांनी १९९६ साली मालाड येथे तयार केले.’ एवढं एकच वाक्य वाचलं आणि घास तोंडात तसाच राहिला. समोरच्या बाईंनी विचारलं, मिरची लागली का गं, पाणी देऊ का. मी हो म्हटलं, कारण दुसरं काय सांगणार होते. दिंडोशीच्या कोर्टात, नक्कल विभागात बसून, कोबीची भाजी समोर ठेवून, माझ्या मेलेल्या भावाचं काम दुसऱ्याच्या नावावर लागलंय हे कुणाला आणि कसं सांगायचं. सांगितलं असतं तरी पहिला प्रश्न आला असता, पुरावा काय. आमच्याकडे हा प्रश्न शिपायापासून सगळ्यांना तोंडपाठ आहे. मी पाणी प्यायले, डबा बंद केला आणि दुपारभर लोकांच्या निकालपत्रांच्या नकला मूळ कागदाशी ताडून त्यांवर ‘खरी नक्कल’ हा शिक्का मारत बसले. हा शिक्का मी एकोणीस वर्षं मारतेय. ही प्रत मूळ कागदासारखी आहे, एवढंच तो सांगतो. मूळ कागदात लिहिलेलं खरं की खोटं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लोकांना मात्र शिक्का आहे म्हणजे लिहिलेलं खरंच, असं वाटत असतं, आणि त्यांना समजावून सांगण्याचा नाद मी कधीच सोडलाय.

‘खरीनक्कल’ याच नावाने मी बारा वर्षांपूर्वी इंटरनेटवरच्या त्या मराठी ज्ञानकोशात लिहायला लागले. कोशात कोणीही लिहू शकतं, आणि म्हणूनच कोणीतरी पुसायलाही लागतं. पुसणाऱ्यांना प्रचालक म्हणतात. आम्ही अकरा जण आहोत, पगार नाही, सुट्टी नाही, शिव्या भरपूर. लोकांना कोश म्हणजे सार्वजनिक भिंत वाटते. बोरिवलीच्या एका क्लासवाल्याने स्वतःवर चार वेळा लेख लिहिला, चौथ्यांदा बायकोच्या नावाने. मुलुंडच्या एका गृहस्थांनी दुधाच्या रतिबाचं ॲप काढलं, ते अजून चालू व्हायचं होतं, तोवर त्याचा इतिहास लिहून मोकळे. कवींबद्दल तर बोलायलाच नको. त्या सगळ्यांना मी एकच नियम सांगत आले. वस्तू चांगली आहे की वाईट, किती लोक वापरतात, तुमचा तिच्यावर किती जीव आहे, हे आम्ही बघत नाही. ज्यांचा त्या वस्तूशी काही संबंध नाही अशा लोकांनी तिच्याबद्दल कुठेतरी छापील, सविस्तर लिहून ठेवलंय का, एवढंच बघतो. लिहिलं असेल तर ती उल्लेखनीय. नसेल तर वगळा. मी स्वतः पाहिलंय, मला माहीत आहे, आमच्या गल्लीत विचारा, हे चालत नाही. हा नियम मी इतक्या वेळा लिहिलाय, की आता बोटं आपोआप चालतात. आणि नियम चुकीचा नाही, हीच तर पंचाईत आहे.

संध्याकाळी कोर्टातून घरी चालत येताना मी ती सगळी चर्चा वाचली. दिंडोशीच्या चढावर धाप लागते, ऑक्टोबरचं ऊन पाच वाजले तरी डोक्यावर असतं, तरीही वाचत चालले आणि एका रिक्षावाल्याची बोलणी खाल्ली. ‘वगळा’ म्हणून निलेशने मांडलं होतं. दिलेले स्रोत तीन. एक १९९८ सालच्या वर्तमानपत्रातला दोन परिच्छेदांचा मजकूर, त्यात दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर, म्हणजे जाहिरातच. दुसरी खरीच जाहिरात. तिसरा घाडीगावकरांनी स्वतः त्यांच्या गावच्या मंडळाच्या वार्षिकात लिहिलेला लेख, त्याच्याही फक्त पहिल्या पानाचा फोटो. खाली चौघांनी ‘ठेवा’ म्हटलं होतं. घाटकोपरच्या प्रेसमध्ये दहा वर्षं दौतच चालायची, असं एकाने लिहिलं होतं. आणखी एकाने, तो जुना ऑपरेटर असावा, लिहिलं होतं, की दौत डोकं खायची, प्रत्येक पत्रिकेला कुठलं चित्र टाकू म्हणून विचारायची, उत्तर दिल्याशिवाय पुढे जायची नाही, पण यार, चीज झकास होती. त्या ओळीपाशी मी थांबले. कारण ती का विचारायची, हे त्या ऑपरेटरला माहीत नव्हतं, लेख लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं, निलेशला माहीत असण्याचा प्रश्नच नाही. ते मला माहीत होतं.

आमच्या मामाच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिका मालाडच्याच एका दुकानात छापायला दिल्या होत्या, आणि घरी गठ्ठा सोडून बघतो तर प्रत्येक पत्रिकेवर गणपती. दुकानदाराने मुद्दाम केलं नव्हतं. त्याच्या मशीनवर लग्नपत्रिका म्हटलं की वर गणपती आपसूक यायचा, आणि मजकुरात ‘बौद्ध पद्धतीने’ असं लिहिलेलं वाचून ऑपरेटरचा हात काही थांबला नव्हता. लग्नाला आठ दिवस. मग कुरारच्या आमच्या खोलीत मामा, मामी, आई, मी, रतन असे सगळे गोल बसून बुद्धाच्या चित्राचे तुकडे कापून एकेका गणपतीवर चिकटवत होतो. मामी रडायच्या बेतात होती. रतन खळ बोटावर घेत होता आणि पुसत होता. माझा मोठा भाऊ, चार वर्षांनी मोठा, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात क्लार्क, आमच्या घरातली पहिली पर्मनंट नोकरी. ‘मशीनने विचारायला काय जातं गं?’ असं तो मला म्हणाला. दोन वर्षांनी त्याने दौत लिहिली तेव्हा तिला विचारायला शिकवलं. गणपती, बुद्ध, चाँदतारा, क्रूस, काहीच नको. पाचांपैकी कुठलंच आधीपासून निवडलेलं नाही. ऑपरेटर वैतागायचे, ती दुकानातून विकणारे घाडीगावकरही म्हणाले होते की गणपती आधीच धरून टाक, नव्वद टक्के गिऱ्हाईक तेच. रतन म्हणाला, विचारू दे, एक बटण दाबायला कुणाचा हात मोडत नाही.

हातगाडीवरून कॉम्प्युटर आला होता, आईची गोधडी गुंडाळून. तो घाडीगावकरांचा होता, दुकानात जागा नाही म्हणून आमच्याकडे, असं शेजारी सांगायचं ठरलं होतं. रतन पहाटे साडेचारला उठायचा आणि ऑफिसला निघेपर्यंत बसायचा, रविवारी दिवसभर. मॉनिटर तापला की त्यावरच्या धुळीचा एक वास सुटायचा, त्यात आईच्या भाकरीचा वास मिसळायचा. आज कुठे जुनं मशीन तापलं तरी मला भूक लागते. मी तेव्हा एकवीस वर्षांची, नोकरीच्या परीक्षा देत होते, आणि माझ्याकडे काम होतं जोडाक्षरं तपासायचं. तो एकेक पडद्यावर आणायचा, मी मोठ्याने वाचायचे, चुकलं की तो टाळूवर जीभ लावून ‘च्’ करायचा. एका पावसाळ्यात आम्ही दोघांनी मिळून जवळजवळ दोन हजार अक्षरं वाचली असतील. मग ती तीन फ्लॉपींवर मावली, निळा खोका आला, खोक्यावर दौतीचं चित्र आणि खाली ‘घाडीगावकर ग्राफिक्स, मालाड पश्चिम’. रतनचं नाव आत नाही, बाहेर नाही. २००९ साली कावीळ डोक्यात जाऊन तो गेला. एकोणचाळीस वर्षांचा. तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसले होते, की त्या माणसाने माझ्या भावाचं नाव खाल्लं. घाडीगावकर त्याच्या पुण्यानुमोदनाला आले होते, दारात चप्पल काढून उभे होते, मी त्यांना पाणीही विचारलं नाही.

घरी आल्यावर आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण शांताबाई खरातांपासून काही लपत नाही, ऐंशीला टेकल्या तरी. तोंड का पाडलंस म्हणून तिने तीनदा विचारलं आणि मी चिडून सगळं सांगून टाकलं. कोश म्हणजे काय हे तिला माहीत आहे, मी रोज त्यात डोकं घालते म्हणून तिला त्याचा रागही आहे. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला. रतनचं नाव त्यात येतं का, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, तुझ्या हातात हाय ना, तर घाल. मी म्हटलं, असं घालता येत नाही, कुठेतरी छापून आलेलं लागतं, तू दाखव मला एक कागद. हे बोलले आणि लगेच जीभ चावली. कागद होते. दौतचा सगळा प्रोग्रॅम कडेला भोकं असलेल्या लांब पट्ट्यांवर छापलेला होता, प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर रतनने तारीख आणि स्वतःचं नाव टाकलं होतं. पण रतनच्या ऑफिसात कुणा एकाची बाहेरचं काम करतो म्हणून चौकशी लागली, तेव्हा आईने ते सगळे कागद बंबात घातले. तीन दिवस आम्ही त्या पाण्याने अंघोळ केली. ‘मी जाळले, म्हाईत हाय मला,’ आई म्हणाली. ‘नोकरी ऱ्हायली ना पण त्याची.’ मग उठताना म्हणाली, की मरायच्या आत एकदा त्याचं नाव कुठंतरी लिहिलेलं बघायचंय, रेशनकार्डात सोडून.

निलेशचे फोन चालू होते. हा मुलगाही आमच्यातलाच प्रचालक, बोरिवलीला विम्याच्या ऑफिसात आहे, तिशी गाठायची आहे, मी त्याला कधी पाहिलेलं नाही, पण गेली सहा वर्षं आम्ही रोज बोलतो. नियमाचा इतका पक्का माणूस मी कोर्टातही पाहिला नाही. त्याला हे सगळं मीच शिकवलंय. गुरुवारी त्याने विचारलं, ताई, अडलंय कुठे, उघड केस आहे. मी म्हटलं, ताप आहे जरा. शुक्रवारी विचारलं, ताई, वाटल्यास मी करू का बंद. मी म्हटलं, नको, मीच करते. जवळचा संबंध असेल तर प्रचालकाने बाजूला व्हायचं, हाही नियमच, आणि तो मराठीत मीच लिहिलेला. पण बाजूला व्हायचं तर कारण सांगायला लागणार, आणि ते सांगितलं की निलेश हळहळणार आणि पुढच्या पाच मिनिटांत लेख उडवणार. मी दोन्ही बाजूंनी अडकले होते. ठेवला तर लेख घाडीगावकरांचा, जन्मभरासाठी, आणि तो मी ठेवलेला. वगळला तर त्यांचं खोटं जाईल, पण दौतही जाईल, म्हणजे रतनने जगात केलेली एकुलती एक गोष्ट जाईल. तिसरा रस्ता एकच, की मी स्वतःच त्याचं नाव टाकायचं आणि लेख ठेवायचा. माझ्याकडे बटण होतं. पण बारा वर्षं मी क्लासवाल्यांना, कवींना, एका शहीद जवानाच्या आईलासुद्धा नाही म्हटलंय. त्या बाईंनी मला लिहिलं होतं, की तुम्हाला मूल आहे का. मी उत्तरात नियमाचा दुवा दिला होता. आता तो दुवा आठवला की अंगावर काटा येतो, आणि तरीही मला वाटतं की त्या दिवशी मी बरोबर होते. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात घेऊन दोन दिवस शिक्के मारायचे म्हणजे काय होतं, ते एका वकिलाला कळलं. त्याने नुसतंच विचारलं होतं की नक्कल कधी मिळेल, आणि मी त्याच्या सात पिढ्या काढल्या.

शनिवारी सकाळी रिक्षा केली आणि मालाड पश्चिमेला गेले. खोटं सांगत नाही, भांडायलाच गेले होते. बाजारातल्या गर्दीतून आत वळल्यावर दुकान तिथेच होतं, पाटी बदललेली. आता झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, आधारची दुरुस्ती. काउंटरवर तिशीपस्तिशीची बाई होती, ती लहान असताना मी तिला फ्रॉकमध्ये पाहिली होती, मानसी, त्यांची मुलगी. मागे खुर्चीवर स्वतः राजाराम घाडीगावकर, त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचे, पाय स्टुलावर, अंगात बनियन. गिरणी बंद पडल्यावर हा माणूस छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकला आणि खिळे बंद पडल्यावर कॉम्प्युटर घेतला, हे सगळं त्या वार्षिकातल्या लेखात होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा वर सरकवला. ‘रतनाची भैण मा तू?’ असं मालवणीत विचारून त्यांनी मानसीला चहा सांगितला. मी चहा नको म्हटलं. मी उभ्याउभ्याच बोलायला लागले, आवाज चढला, काउंटरवर फोटो काढायला आलेली एक मुलगी बाजूला सरकली. मी म्हटलं, तुम्ही एवढं मोठं लिहून घेतलंत, दौत तुम्ही केलीत म्हणून, आणि माझ्या भावाचं नावसुद्धा घ्यावंसं वाटलं नाही तुम्हाला.

म्हातारा चिडला नाही, याचाच मला जास्त राग आला. तो म्हणाला, ‘मी तेका दोनदा सांगलंय, खोक्यावर तुझा नाव घालतंय. तो नको म्हणालो. नोकरी जातली म्हणालो.’ मग म्हणाला, की तुझी आईसुद्धा येऊन गेली होती, माझ्या हातापाया पडली, काका, पोराचं नाव कुठे येऊ देऊ नका. हे मला माहीत नव्हतं. आईने पंचवीसएक वर्षांत हे मला सांगितलं नव्हतं, आणि मी शपथेवर सांगते, ते ऐकताना मला राग आईचा आला नाही, रतनचा आला. स्वतःचं नाव इतकं नीट पुसायला कोण सांगतं माणसाला. मी बसले. मानसी तेव्हा म्हणाली, की पण ताई, लेखात मी रतनकाकांचं नाव लिहिलं होतं की. बाबांनी पहिली अटच ती घातली होती, आता त्याची नोकरी काय जाणार आहे, आधी त्याचं नाव लिही. ‘मी लिहिलेलं. कोणीतरी काढलं ते. मला तर ते परत कसं टाकायचं तेपण कळलं नाही.’ आणि तिने काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर लेख उघडला.

प्रत्येक लेखाच्या मागे त्याचा इतिहास असतो, कुणी कधी काय घातलं, काय काढलं. चर्चा बंद करण्याआधी प्रचालकाने बघायची ती पहिली गोष्ट. नव्या प्रचालकांना मी हे इतक्या वेळा घोकून घेतलंय, आणि या चार दिवसांत रागाच्या भरात मी तो उघडलाच नव्हता. मानसीने खाली जाऊन पहिली आवृत्ती उघडली. ‘दौत हे सॉफ्टवेअर राजाराम घाडीगावकर यांनी १९९६ साली मालाड येथे बाजारात आणले. त्याचे संपूर्ण प्रोग्रॅमिंग रतन खरात यांनी केले. अक्षरांच्या तपासणीत त्यांची बहीण चेतना यांचा सहभाग होता.’ दुसऱ्याच दिवशी शेवटच्या दोन वाक्यांपुढे लहान अक्षरात कुणीतरी लावलेली खूण, संदर्भ हवा. पुढची आवृत्ती वर्षभरानंतरची, मे महिन्यातला एक रविवार, सकाळी दहा एकेचाळीस. ती दोन्ही वाक्यं गेलेली. कारण : विनासंदर्भ मजकूर काढला. काढणाऱ्याचं नाव : खरीनक्कल. त्यानंतर आणखी एकाने भाषा नीट करताना ‘बाजारात आणले’चं ‘तयार केले’ केलं होतं. त्याचाही हेतू चांगलाच असणार.

वर्षभर संदर्भ न मिळालेली वाक्यं एका झटक्यात काढायची सोय आहे. यादी येते, माणूस फक्त बटण दाबत जातो, वाचत नाही, वाचायची गरज नसते. तो रविवार मला आठवतो. आई विहारात गेली होती, मी चहाचा मोठा कप घेऊन बसले होते, एकशेबारा लेख साफ केले आणि संध्याकाळी निलेशला तो आकडा मिरवत सांगितला. त्या एकशेबारांत मी माझ्या भावाला पुसलं होतं, मला स्वतःला पुसलं होतं, आणि चहा गार झाला नव्हता. मानसी स्क्रीनकडे बघत वैतागून म्हणाली, की कोण असतात ना हे लोक, यांना काय मिळतं काढून. मी गप्प बसू शकले असते. तिला माझं तिथलं नाव कसं कळणार होतं. पण तो शब्द समोर होता, पांढऱ्यावर काळा, आणि चार दिवसांत पहिल्यांदा माझ्या समोर पुरावा होता.

‘ते मी आहे,’ मी म्हटलं. ‘मीच काढलं ते.’

मानसीला कळायला वेळ लागला. मग ती खूप काही बोलेल असं वाटलं, पण तिने फक्त फोटोसाठी थांबलेल्या मुलीला हात करून आत बोलावलं आणि तिला पांढऱ्या पडद्यासमोर बसवलं. घाडीगावकरांना कॉम्प्युटरचं काही दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. ते म्हणाले, ‘मगे आता घाल.’ मी म्हटलं, नाही घालता येत. त्यांनी विचारलं, कित्याक, का नाही. बारा वर्षं हजारो लोकांना सांगितलेलं उत्तर होतं माझ्याजवळ, एकाही शब्दावर न अडखळता येतं, आणि त्या बनियनमधल्या माणसाला ते मला देता आलं नाही. ‘मी सांगतंय ना, तेनाच केल्यान,’ ते म्हणाले. ‘मी जिवंत आसय.’ त्यांना वाटत होतं की एवढं पुरे. मला त्यांच्या पायाशी बसून सांगावंसं वाटलं की काका, कुठल्याही शहाण्या जगात एवढं पुरे असतं. तेवढ्यात चहा आला. नको म्हटलेला चहा मी प्यायले, आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाणी विचारलं नाही त्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, त्यांच्या लक्षात नाही.

रिक्षात बसून मी त्या चर्चेत लिहिलं, की मी हा निर्णय घेऊ शकत नाही, हे सॉफ्टवेअर माझ्या भावाने लिहिलं आहे. एवढंच लिहून थांबायचं होतं. पण बोटं थांबली नाहीत, मी पुढे लिहिलं की मी स्वतः शेजारी बसून अक्षरं वाचली आहेत, दौत चित्राचं का विचारते हे मला माहीत आहे, आणि गणपतींवर चिकटवलेल्या बुद्धांची अख्खी हकिगत लिहिली, खळीसकट. नव्या माणसाने लिहिलं असतं तर मी पहिल्या दोन ओळींपुढे वाचलं नसतं. निलेशचा लगेच फोन आला. तो पहिल्यांदाच अडखळत बोलत होता. ताई, तुम्ही सांगायचं ना, मी हे मांडलंच नसतं. मी त्याला झापलं. म्हटलं, का नसतं मांडलं, माझा भाऊ म्हणून? तो म्हणाला, मग काय करू, तुम्हीच सांगा. हे मात्र फार झालं. मी सांगू? मी म्हटलं, तुला जे योग्य वाटेल ते कर, मला विचारू नकोस, आणि फोन ठेवला. रविवार तसाच गेला. सोमवारी दुपारी त्याने लेख वगळला. कारण नीट लिहिलं होतं, स्रोत एकेक घेऊन, कुणाचाही अपमान न करता. मी शोधूनही त्यात चूक काढू शकले नाही. शोधली मात्र खूप.

मंगळवारी सकाळी आईने विचारलं, काय झालं रतनच्या त्या कागदाचं. मी भाजी चिरत होते. सांगितलं, पुसला. ती मोरीपाशी जाऊन तोंड धुऊन आली, आणि मला ते सहन झालं नाही. मी हात पुसले, फोन घेतला, तिच्याशेजारी बसले. दौतची पहिली आवृत्ती काढली आणि अक्षरं मोठी केली. आईने चष्मा लावला. ती प्रौढ वर्गात लिहायला शिकली, बोट ठेवून वाचते, प्रत्येक शब्द ओठांत पुटपुटते. संपूर्ण. प्रोग्रॅमिंगपाशी अडली, सोडून दिलं. मग बोट पुढे गेलं आणि थांबलं. रतन खरात. तिने ते तीनदा वाचलं, शेवटच्या वेळी मोठ्याने, मग माझंही वाचलं.

‘पुसलं म्हणत व्हतीस ना? हे तर दिसतंय की.’

मी तिला समजावलं, की वगळलेलं खरोखर जात नाही, बाजूला ठेवतात, पण ते फक्त आम्हा प्रचालकांना दिसतं. अकरा जणांना, आणि बाकीच्या दहांना ते उघडून बघायचं काही कारण नाही. उद्या मी हे काम सोडलं तर मलाही दिसणार नाही.

‘इमलाबाईच्या फोनात?’

विमलाबाई म्हणजे आमच्या शेजारच्या. मी म्हटलं, नाही दिसणार.

‘विहारात कुणाच्या?’

‘कुणाच्याच नाही, आई. माझ्याच.’

आईने चष्मा काढला आणि पदराने पुसला.

‘म्हंजे पुन्हा घरातच ऱ्हायलं,’ ती म्हणाली.